अकराशे पानं आणि एक जाहीर माफी

छापलेली बातमी लोक दुसऱ्या दिवशी विसरतात. न छापलेले किस्से मात्र आमच्या ऑफिसात फायलींपेक्षा जास्त साचलेत. त्यातलाच हा एक, अकराशे पानांच्या कादंबरीचा.

एका प्रकाशन समारंभात साहित्याच्या एका प्राध्यापकांनी ती जाडजूड कादंबरी उंच धरली. म्हणाले, "हे पत्रकारांचं काम नव्हे. त्यांचा दम दोन कॉलममध्ये संपतो."

तीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसानं हे ऐकून घ्यायचं? मी उभाच राहिलो. महिन्याभरात आमच्यातल्या एकानं तरी ती संपवली नाही, तर याच सभागृहात जाहीर माफी मागेन, असं बोलून बसलो. टाळ्या पडल्या त्या प्राध्यापकांना!

*

क्राइम बघणारे शेखभाई सुसाट निघाले. नव्वदाव्या पानावर खून झाला, दीडशेव्यावर खुनी सापडला. त्यांनी पुस्तक मिटलं.

"साहेब, आरोपी अटक में है. आता हजार पानं कशाला?"

*

उपसंपादक वैशालीताईंनी तीनशे पानं वाचली, पण हातात लाल पेन घेऊन. सत्तर पानांवर काट मारली. विचारलं तर म्हणाल्या, पाल्हाळ होता.

प्रत लायब्ररीची होती!

*

माझी गाडी चारशेव्या पानावर. बजाजनगरच्या पाण्यावर पत्रकार परिषद होती आणि पुस्तक टेबलाखाली उघडं. अधिकाऱ्यांनी विचारलं, काही प्रश्न? माझ्या तोंडून निघून गेलं, "तिनं ती पत्रं का जाळली?"

अधिकारी शांतपणे म्हणाले, "चौकशी सुरू आहे."

*

उरले आमचे पिशोरचे साळवेकाका, प्रूफरीडर. बाविसाव्या दिवशी त्यांनी पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. झालं वाचून! मला नाचावंसं वाटलं. म्हटलं, काका, सांगा गोष्ट.

"गोष्ट? ती कुठं बघायची व्हती? एकशे सेहेचाळीस चुका हायेत."

मी कपाळ धरलं. काकांनी पुस्तक उचललं आणि पुन्हा पहिलं पान काढलं. सातव्या दिवशी आले ते लाल डोळ्यांनी.

"धाकटी गेली," म्हणाले. "पान हजार छप्पन."

त्या दिवशी कोणी चेष्टा केली नाही.

*

महिना भरला. सभागृह भरलेलं. प्राध्यापकांनी विचारलं, मधल्या भावानं घर का सोडलं? काका म्हणाले, वडिलांनी त्याच्या नावचं पत्र लपवलं म्हणून.

"असं या कादंबरीत कुठंच नाही!" प्राध्यापक हसले. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

काकांनी अदबीनं त्यांचीच प्रत मागून घेतली. चष्मा वर केला, सहाशे चाळीसावं पान शोधलं आणि थांबले.

"सर, जरा पट्टी देता का? हितून पुढची पानं वरनं जोडलेलीच हायेत. छापखान्यात कापायची राहिलीत."