मावशीला लिहून दिलेला कुलर

निळ्या प्लास्टिकच्या ड्रमचा कुलर मी हिंगणघाटच्या घरी बनवला आणि महिनाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरच्या हातून एखादी वस्तू खरोखर चालली, तर त्याला काय होतं ते दुसऱ्या मास्तरलाच विचारा. पाहुणा आला की आधी कुलर, मग पाणी.

जाम गावची मावशी मात्र फोनवर एवढंच म्हणाली, "मले लिहून दे. माहा मी बनवीन."

"मीच येतो ना रविवारी."

"येऊ नको. येशीन तं मलेच बाजूले बसवशीन."

मावशी टिनाच्या खोलीत ब्लाउज शिवते. काका गेल्यापासून तिचा साधा बल्बही तिचे भासरे, म्हणजे काकांचे मोठे भाऊ, बदलून देतात आणि जाताना म्हणतात, "तिच्याच्यानं होत नाई." कुलरचं ऐकल्यावरही ते हेच म्हणाले, तेही दोन गिऱ्हाइकांसमोर. मावशी पेटली होती. ऐकून मीही पेटलो आणि कागद ओढला.

पहिला खर्डा सहा पानांचा. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. "हवा थंड येते" हे अनुमान मी सगळ्यात आधी लिहून टाकलं, शाळेत आम्ही तसंच करतो. मावशीचा फोन आला, "बाष्पीभवन समजलं बाबू. भोक कुठं पाडू ते सांग!"

दुसरा खर्डा बायकोच्या हातात दिला. म्हटलं, आपल्याच कुलरवर करून पाहा, फक्त लिहिलं आहे तेवढंच कर, मी तोंड उघडणार नाही. पहिलंच वाक्य होतं, "ड्रम आडवा करा." तिने केला. आतलं सगळं पाणी दिवाणाखाली गेलं. "पाणी आधी काढा असं कुठं लिहिलं आहे?" तिने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, आणि मग दोघंही त्या पाण्यातच हसत बसलो. जे आपल्याला येतं त्यातलं अर्धं हातातच राहतं, कागदावर उतरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तिसरा खर्डा मी शिंपीकामाच्या भाषेत लिहिला. खालून एक वीत सोडून खडूने रेघ मारा. पंख्यासाठी समोर तेरा इंचांचा गोल आखून कापा, गळ्यासारखा. "गळ्यासारखा" या शब्दावर मी इतका खूश झालो की बायकोला ते वाक्य तीनदा वाचून दाखवलं.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं, "येजो. पण हात लावाचा नाई."

गेलो. खिडकीबाहेर विटांवर कुलर उभा होता. बाकीच्या तिन्ही बाजूंना कापलेल्या खिडक्यांत पाणी धरणारी कुलरची घास भरलेली, वरची जाळी जाड दोऱ्याने चक्क शिवलेली! पंखा भोकात घट्ट बसला होता. मी टेप लावून पाहिला. भोक बारा इंचांचं.

"मावशी, मी तेरा लिहिलं होतं."

"आखलं तेराचंच. पण गळा कापतानी चारीकडून अर्धा इंच शिलाई आत सोडा लागते. जास्त कापला गेला तं मंग जोडता येते का?"

मी पंख्याच्या कडेला टेप लावला. तेरा इंच हे माप मी पंख्याच्या बाहेरच्या कडेचं घेतलं होतं, आणि भोकावर अडकायची ती नेमकी तीच कड. माझ्या मापाने कापलं असतं तर पंखा धाडकन ड्रमात पडला असता. मापातली माझी चूक ब्लाउजच्या सवयीने सावरली होती! मला हसू आवरेना. मावशीही तोंडाला पदर लावून हसत होती.

बाहेर पावलं वाजली तशी ती मशीनवर जाऊन शिवू लागली. हसणं ऐकून भासरे आले होते. गार हवेचा झोत अंगावर आला तसे दारातच थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वा मास्तर! काम तं मस्त केलं तुम्ही."

भासऱ्यांशी मावशी आजवर थेट बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर दुसऱ्या कुणाला सांगायची, तेही दाराआडून. मी तोंड उघडणार, एवढ्यात शिलाई मशीन थांबली.

"त्यानं फक्त लिहून देलं," मावशी सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली, "अन् तेही चुकीचं. कापलं मीनं, बसवलं मीनं."

मी जोरजोरात होकाराची मान हलवत होतो. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी नापास झालो नव्हतो.