जीबीएस, चार बाण आणि माझे दोन पाय

डॉक्टरांनी रबरी हातोडी माझ्या गुडघ्याखाली हलकेच मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्याखाली मारली, तोही ढिम्म. एरवी अशी हातोडी बसली की पाय आपोआप उडतो म्हणे. माझे पाय मात्र आपला काही संबंधच नाही अशा थाटात पडून होते.

"यांना गियाँ-बारे सिंड्रोम झालेला दिसतो," डॉक्टर म्हणाले. "आपण सोपं म्हणून जीबीएस म्हणू."

माझे मिस्टर, मिलिंद, एसटीत ड्रायव्हर आहेत. घाटात ब्रेक लागला नाही तरी त्यांचा चेहरा बदलणार नाही. पण तेव्हा बदलला. "साहेब, म्हंजे लकवा का?"

"नाही. लकव्यात बिघाड मेंदूत असतो. इथं शरीराचं रोगाशी लढणारं सैन्यच चुकून आपल्या नसांवर तुटून पडलंय. वायरीवर प्लास्टिक असतं तसं नसांवर आवरण असतं. ते सोलून निघतंय. म्हणून मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोचत नाही. वेळेवर आलात. बहुतेक पेशंट पुन्हा चालतात."

मला त्या क्षणी काय सुचावं? मी विचारलं, "डॉक्टर, जयंतीला नाचता येईल का?"

नांदेडच्या डॉक्टरला कुठली जयंती ते सांगावं लागत नाही. एप्रिलमधली बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक मी लग्न होऊन या गावात आल्यापासून एकदाही चुकवलेली नव्हती. पांढरी साडी, निळा फेटा, आणि पुढे डीजे. वर्षभर मास्तरीण असलेली बाई त्या संध्याकाळी कुणाची मास्तरीण नसते.

"आधी श्वास, मग पाय, मग नाच," डॉक्टर म्हणाले. "हाच क्रम. मधलं काही गाळायचं नाही."

आता थोडं मागे जाते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला ही सुरुवातीची लक्षणं ओळखता आली तर माझं लिहिणं कामी येईल.

मी टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवते. मुलं पाठीमागे मला 'जागेवर मॅडम' म्हणतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. टायपिंग शिकवताना माझं एकच पालुपद असतं. बटण दाबलं की बोट परत जागेवर! कीबोर्डच्या मधल्या ओळीत प्रत्येक बोटाचं घर ठरलेलं असतं. तिथून निघायचं, बटण दाबायचं, घरी यायचं. असं केलं तरच खाली न बघता टाइप करता येतं.

पावसाळा सरता सरता मला जुलाब झाले आणि बरेही झाले. त्यानंतर पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मी चप्पल घट्ट झाली म्हणून मोठी घेतली. मग एक दिवस करंगळीनं शिफ्टचं बटण दबेना. बटण बिघडलं म्हणून मी कीबोर्ड बदलला. दुसऱ्या कीबोर्डवरही दबेना. तोही बदलला. सगळी इन्स्टिट्यूट खराब निघाली, पण माझ्यात काही खराबी असेल हे डोक्यात आलं नाही. जिना उतरताना पाय दुमडला आणि मी शेवटच्या पायरीवर बसलेच, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, वात आहे, तिळाचं तेल चोळा. काकूंची माया खोटी नव्हती. पण पायातली ताकद कमी होत असेल आणि हा अशक्तपणा दिवसागणिक वर वर चढत असेल, तर तेल राहू द्या आणि दवाखाना गाठा. ही गोष्ट मी आता रस्त्यात भेटेल त्याला सांगते.

दवाखान्यात आधी नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. म्हणजे नसेला बारीकसा विजेचा झटका द्यायचा आणि तो किती वेगानं पुढे जातो ते बघायचं. माझ्या नसांचा वेग बघून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी टेस्ट पुन्हा एकदा केली. मग लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या मणक्यातून थोडं पाणी काढून तपासणं. ऐकायला भयंकर वाटतं, पण करताना मुंगी चावल्यापेक्षा थोडं जास्त. मग आयव्हीआयजी सुरू झालं. ही दुसऱ्या लोकांच्या रक्तातून काढलेली प्रथिनं असतात. ती सलाइनसारखी चढवली की आपलं बिथरलेलं सैन्य शांत होतं. कुणा कुणाच्या रक्तातली ती असतील! सगळ्या जातीधर्मांची माणसं माझ्या हातातल्या सुईतून आत येत होती, आणि मला त्या विचारानंच बरं वाटायचं.

भीती वाटली ती एकाच गोष्टीची. सकाळ-संध्याकाळ डॉक्टर यायचे आणि म्हणायचे, "एका श्वासात आकडे मोजा." आकडे कमी झाले की आजार छातीपर्यंत चढला असं समजायचं. एका सकाळी ते फार कमी झाले. मिलिंद भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी घाबरले होते, खूप घाबरले होते. मुलीचं तोंड डोळ्यापुढे आलं. संध्याकाळी डॉक्टरांनी पुन्हा मोजायला लावलं, तेव्हा आकडे होते तिथंच थांबले होते. दुसऱ्या दिवशी एक वाढला. त्या एका आकड्यासाठी मिलिंदनी अख्ख्या वॉर्डाला चहा पाजला.

या आजाराचा उतार वरून खाली असतो. वर चढताना पायांपासून चढतो, जाताना हात आधी मोकळे करतो आणि पाय शेवटी. माझी बोटं हलायला लागली, करंगळीसुद्धा. पाय मात्र रुसूनच बसले होते.

सुट्टी मिळाल्यावर मी लातूरला अक्काकडे, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीकडे राहायला गेले. तिचं घर तळमजल्यावर आहे. माझी लेक प्रज्ञा कॉलेजसाठी तिच्याकडेच असते, आणि गल्लीच्या तोंडाशी सना मॅडमचं फिजिओथेरपी सेंटर आहे. मिलिंदनी नांदेड-लातूर गाडीची ड्यूटी मागून घेतली. गाडी लातूरला लागली की ते तासभर घरी यायचे, येताना वाटेतल्या लोह्याहून कधी पेरू, कधी गरम भजी. भजी लातूरपर्यंत गरम राहत नाहीत हे त्यांना कोण सांगणार?

सना मॅडम माझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांच्या सेंटरच्या कोपऱ्यात एक मऊ चटई होती आणि चटईवर चार बाण: डावा, उजवा, पुढचा, मागचा. समोरच्या टीव्हीवर गाणं लागायचं, खालून बाण वर सरकत यायचे, आणि तालावर त्याच बाणावर पाय टाकायचा. लहान पोरांनी कंटाळा न करता व्यायाम करावा म्हणून हा नाचाचा खेळ ठेवलेला. दोन्ही बाजूंना धरायला दांड्या होत्या.

"मला हे पाहिजे," मी म्हणाले.

"ताई, तुम्ही अजून धड उभ्या राहत न्हाई. आधी उभं तर राहा."

घरी येऊन मी प्रज्ञाकडे कुरकुर केली. तिनं लॅपटॉपवर तोच खेळ टाकून दिला. फरक इतकाच की तिथं पायांऐवजी कीबोर्डवरचे चार बाण बोटांनी दाबायचे. "मम्मी, तोवर बोटांनी शीक. बाण वाचायला आले की पायाला काय लागतंय?"

सना मॅडमना हे पटलं नाही. "बोटाला काय वजन उचलायचं हाय का? कीबोर्डवर शिकून चटईवर येत न्हाई."

झालं! दोघींची जुंपली आणि प्रयोगाला उंदीर मी.

सुरुवातीला बोटं अडखळायची. मग जमलं आणि मग मी सुटलेच. बोटांची ताकदही त्यानं वाढली, ते वेगळंच. अक्का स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगं, पेशंट हाय का पोरगी हाय तू?" सोपी गाणी झाली, मधली झाली. अवघड गाण्यात पडद्यावर बाणांचा पाऊस पडायचा आणि माझी बोटं तो झेलायची. प्रज्ञा तर पहिल्याच आठवड्यात हरली. मिलिंदनी एकदा खेळून बघितलं आणि "याच्यापरीस बोधनचा खड्ड्यांचा रोड बरा" म्हणून उठले.

डिसेंबरात मी वॉकर धरून उभी राहिले. जानेवारीत सुटी पावलं टाकली. मग सना मॅडमनी दांड्यांच्या मध्ये मला चटईवर उभं केलं.

पहिल्या गाण्यात त्यांची भुवई वर गेली. कारण माझे डोळे तयार होते. कुठला बाण येतोय, कधी येतोय, मला आधीच कळत होतं, आणि ताल सुटत नव्हता. "हौ, प्रज्ञा अर्धी जिंकली," त्या म्हणाल्या. दुसरी अर्धी मात्र जिंकेना. गाणं जरा वेगात आलं की मी मागे पडायचे आणि थकायचे. बोटं चार होती, प्रत्येकाला आपला बाण होता. इथं पाय दोन आणि बाण तेच चार. शिवाय या पायांवर माझं सगळं शरीर उभं, आणि ते काही करंगळीएवढं नाही.

फेब्रुवारी गेला, मार्च सरत आला तरी तेच. सना मॅडमनी स्नायूंची ताकद तपासली, ती बरी होती. "मग काऊन दमून राहिल्या तुम्ही?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मला रडू आलं. जयंती तोंडावर आलेली. मिरवणूक काय सोप्या गाण्यावर चालते का? मी म्हणाले, "जाऊ द्या, यंदा गॅलरीतून बघीन."

"थांबा ताई, रडू नका. मी खेळून दाखवते, तुम्ही बघा." आणि त्या स्वतः चटईवर चढल्या.

मी खुर्चीत बसून बघत होते. दोन ओळी झाल्या आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. "मॅडम, चुकतंय तुमचं! पाय जागेवर आणा ना!"

त्या थांबल्या. "कुठल्या जागेवर?"

"मधे! बाण दाबला की पाय परत मधे आणायचा. तुम्ही तर तिथंच ठेवून दुसरा टाकून राहिल्या."

सना मॅडमनी माझ्या पायांकडे बघितलं. मग त्यांनी दांडी धरली आणि खाली बसून हसायला लागल्या. "या अल्ला! ताई, तुम्ही दर बाणाला मधे परत येऊन राहिल्या का? म्हंजे एका पावलाला दोन पावलं! थकणार न्हाई तर काय? मला वाटलं तोल जातोय म्हणून येतायत!"

आयुष्यभर मी पोरांच्या बोटांना घरी परत पाठवलं होतं. कीबोर्डवर बोट हलकं असतं, परत आणायला काही कष्ट पडत नाहीत. तीच सवय माझ्या नकळत बोटांतून पायात उतरली होती. जगात कुणी केली नसेल अशी चूक, फक्त टायपिंगची मास्तरीण करू शकेल अशी!

"मग जागा कुठली?" मी विचारलं.

"पाय पडला तीच जागा. तिथून पुढचं पाऊल."

मोडायला सोपी नव्हती ती सवय. पाय मधे वळला की प्रज्ञा ओरडायची, "जागेवर मॅडम!" मी हसायचे, चुकायचे, पुन्हा टाकायचे. सना मॅडमचा एकच नियम होता, थकायच्या आधी थांबायचं. जीबीएसमध्ये ओढाताण केली की नसा रुसतात. तुम्हीही हा नियम पाळा. आणि एक दिवस मधल्या वेगाचं एक गाणं दांडी न धरता पार पडलं. अक्का टाळ्या वाजवत होती, तिला खेळ काही कळला नव्हता तरी.

तर, कीबोर्डवर खेळून चटईवरचा नाच येतो का? माझ्यापुरतं सांगते. डोळ्यांना आणि कानांना येतो. पायांना त्यांचं त्यांनाच शिकावं लागतं. आणि बोटांच्या काही सवयी उंबऱ्याबाहेर काढून ठेवाव्या लागतात. पण उभंही राहता येत नव्हतं त्या दिवसांत बोटांनी मला नाचवलं, हे मी विसरणार नाही. त्या डॉक्टरांना, सना मॅडमना, आणि ज्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत त्या रक्त देणाऱ्या माणसांना माझा जयभीम.

जयंतीला आम्ही सगळे नांदेडला आलो, सना मॅडमसुद्धा. मी पांढरी साडी नेसले आणि प्रज्ञानं फेटा बांधून दिला. मिलिंदनी डोक्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची घेतली. ठरलं असं होतं की मी दोन मिनिटं नाचायचं, परत येऊन खुर्चीत बसायचं, मग पुन्हा दोन मिनिटं. मी सगळं कबूल केलं.

डीजे सुरू झाला. पाय अजून थोडे बधिर होते, अजूनही आहेत. पण ताल मला कळत होता. डावा टाकला, तिथून उजवा, तिथून पुढं. ओळखीच्या बायांनी मला बघून आनंदानं आरोळ्या मारल्या आणि मधे ओढून घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मी पुसलंही नाही.

मागून मिलिंदची हाक आली, "सुजाता! जागेवर ये! खुर्ची इकडं हाय!"

मी हात वर करून ओरडले, "पाय पडला तीच जागा!" आणि पुढे सरकले.

चौकात गाणं बदललं तेव्हा मला सना मॅडमचा नियम आठवला. मी थांबले आणि बसायला म्हणून मागे वळले. खुर्ची रस्त्याच्या मधोमध मांडलेली होती. तिच्यात मिलिंद बसले होते, घामाघूम, धापा टाकत, आणि सना मॅडम कमरेवर हात ठेवून त्यांना सांगत होत्या, "साहेब, एका श्वासात आकडे मोजा बघू."