आईच्या रक्ताचा रिपोर्ट

संशोधन हा शब्द ऐकला की हल्ली माझं डोकं फिरतं. देश पुढे चाललाय, आपल्या डॉक्टरांचे शोधनिबंध परदेशात छापून येतायत, हे मला कळतं. मी परभणीत शाळेवर शिकवते, अडाणी नाही. पण ते निबंध कुणाच्या रक्तावर निघतात, ते मला विचारा.

आई पोखर्णीला एकटी राहते. तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात बाहेरगावच्या एका मेडिकल कॉलेजचे डॉक्टर आले. विषय किडनीचा. आईचं रक्त घेतलं, लघवी घेतली, कागदावर अंगठा घेतला, हातावर बिस्किटांचा पुडा ठेवला आणि "रिपोर्ट कळवू" म्हणून गाडीत बसून गेले.

पुढे तिचे पाय सुजायला लागले. परभणीला चल, तपासून घेऊ, असं दर रविवारी मी घसा फोडून सांगायची. तिचं आपलं एकच, "एवढ्या मोठ्या डाक्टरनं रगत नेलंय. काई असतं तर कळवलं नसतं का? मला काई झालं न्हाई."

न आलेला रिपोर्ट तिनं चांगला रिपोर्ट धरला. एवढा विश्वास तिनं पोटच्या पोरीवरही टाकला नाही.

धाप लागून बसवेना, तेव्हा कुठे ती ऑटोत बसली. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आता जन्मभर डायलिसिस.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात त्या मोठ्या डॉक्टरांचा फोटो आला. शाल, नारळ, गावाकडच्या किडनीविकारांवरच्या संशोधनाची परदेशात दखल! मी तडक गाडी पकडून त्यांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले आणि आईचा रिपोर्ट मागितला.

साहेब अगदी गोड बोलले. "मॅडम, बऱ्याच जणांच्या किडन्या खराब निघाल्या. म्हणून तर निबंध स्वीकारला गेला. त्यात तुमच्या आईही असतील. पण कोण कुठलं, ते आता नाही सांगता येणार. अभ्यासात आम्ही कुणाची नावं ठेवत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही नका ठेवू," मी म्हणाले, "मी ठेवते." आणि केबिनचं दार सताड उघडून, बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल अशी ठेवली, शिपायानं दंड धरून मला जिन्याखाली नेईपर्यंत.