‘मी एकटीच आहे’ असं मी ड्रायव्हरला सांगितलं

अन्याय झाला तो माझ्या आतेभावावर. १९९८च्या ऑगस्टमधल्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी दीडच्या सुमाराला, दुबईत, देरा भागातल्या बस स्टेशनात. आमच्या पत्रकांची एक शिस्त असते. अन्याय कुणावर झाला ते पहिल्या ओळीत, कुणी केला ते दुसऱ्या ओळीत. तर दुसरी ओळ लिहून टाकते: मी केला. बसचा नियम, ड्रायव्हर, ऊन, हे सगळं त्याच्यानंतर.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. पुण्यात आमच्या संघटनेचं काम करायचे. चौकात उभं राहून पत्रकं वाटायची, खिडकीखिडकीतल्या साहेबांशी भांडायचं, हे आवडायचं मला. महिनाभरासाठी ताईकडे अल कुसैसला गेले होते. भावजींचा तिथे ट्रेडिंगचा धंदा. ते म्हणाले, टॅक्सी करून देतो, दुबई बघून ये. मी म्हटलं, कामगार ज्या बसनं जातात त्याच बसनं मी जाणार. ताईचा पोरगा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, “मावशी, नोबडी टेक्स द बस.” नोबडी म्हणजे कोण, यावर मी त्याला चांगलं सुनावलं. (आता तिथे मेट्रो होणार म्हणतात. तेव्हा बस, टॅक्सी आणि खाडी ओलांडायला होडी, एवढाच कारभार होता.)

पण एकटीला सोडायला ताई तयार होईना. मग माझ्या आतेभावाला, दादाला, निरोप गेला. तो आमच्या रत्नागिरीकडचा. बिल्डिंगच्या साइटवर शटरिंगचं काम करायचा आणि अल क्वोजच्या कॅम्पात बाराजणांच्या खोलीत राहायचा. आठवड्यात सुट्टी एकच, शुक्रवार. त्या शुक्रवारी त्याचं दुसरं काम होतं हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

काय काम होतं ते होडीत कळलं. अब्रा म्हणतात तिला; उघडी, लाकडी, बाकावर पाठीला पाठ लावून बसायचं. “अर्धा दिरहम,” दादा म्हणाला, “म्हंजे सहा रुपये धर.” मग खिशातून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढून त्यानं दाखवली. त्याला मुलगी झाली होती. दीड महिना झाला, अजून बघितलेली नव्हती. बारसं त्याच्यासाठीच खोळंबून राहिलं होतं, कारण नाव बापानं ठरवायचं आणि ते बाळानं बापाच्या आवाजात ऐकायचं, असं वहिनीचं म्हणणं. मग त्यानं कॅम्पात बसून कॅसेटवर नाव सांगितलं आणि ‘कुर्र’सुद्धा केलं. कुर्र करणाऱ्या आत्याच्या पाठीत बुक्के घालतात, हे त्यानं खोलीतल्या पठाणाला आणि मल्याळ्याला सांगायला नको होतं. दोघांनी मिळून त्याला असं बडवलं, की कॅसेटवर नावाच्या पाठोपाठ धपाधप आवाज आणि त्याच्या शिव्या आहेत म्हणे.

मला म्हणाला, “मामेबहीण म्हंजे तूपण आत्याच. चल, जाताना ताईकडचा टेप मागून घेऊ, तुझंपण कुर्र घालू.”

मी त्याला भाषण दिलं. नाव बापानंच का ठरवायचं? नऊ महिने वागवलं कुणी? तो ऐकत होता. मग म्हणाला, “बाय, तिलाच हवंय तसं. तिला पत्रक धाडू काय?” होडीतले दोघेतिघे मराठी निघाले, ते हसले. मी चिडले. खरं सांगायचं तर मी सकाळपासूनच चिडलेली होते. तो माझ्यापुढे चार पावलं चालायचा. इथं उभी राहू नको, तिकडे बघू नको, पिशवी अशी धर. रस्ता ओलांडताना माझं मनगट पकडायचा.

कॅसेट न्यायला त्याच्या शेजारच्या वाडीतला एक गवंडी तयार होता. अल कुसैसला राहायचा, माझ्या ताईच्या बिल्डिंगपासून जवळच. तीनला तो एअरपोर्टला निघणार होता. बारसं रविवारचं. गावातला एकुलता एक फोन दुकानात, तो पावसानं जुलैपासून बंद. म्हणजे नाव पोचायचं ते याच माणसाबरोबर. दादानं हिशेब चोख केला होता: देऱ्याहून दीडची बस, मला ताईकडे सोडायचं आणि तसंच पुढे जाऊन कॅसेट द्यायची.

स्टेशनात पोचलो तेव्हा जुम्म्याची नमाज सुटलेली. बससमोर माणसांची ही रांग. तिथल्या बसचा नियम असा, की पुढच्या सीट बायकांना आणि फॅमिलीला, एकटे पुरुष मागे. मागचं भरलं की खलास, पुढे जागा असली तरी पुरुषाला घेत नाहीत. बायकांची रांग वेगळी. तिच्यात मी पहिली. मी चढले. पुढच्या सीटवर दोन फिलिपिनो बायका, बाकी सगळं रिकामं. एसी चालू होता. दादा माझ्या पाठीमागे, पायरीवर.

ड्रायव्हरनं मान वर न करता विचारलं, “फॅमिली है साथ में?”

हा प्रश्न मला त्या आठवड्यात जाईन तिथे विचारला गेला होता. पोस्टात, दुकानात, लिफ्टमध्येसुद्धा. माझं उत्तर तयार होतं. “कोई नहीं है साथ में. मैं अकेली हूँ. अकेली औरत बस में नहीं बैठ सकती क्या?”

ड्रायव्हरनं तिकीट माझ्या हातावर ठेवलं आणि दादाच्या छातीसमोर हात आडवा धरला. पीछे फुल, खलास, उतरो.

दादा म्हणाला, “बाय, सांग त्याला.”

ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. “अभी तो बोली अकेली.”

त्या दोन बायकाही बघत होत्या. मला फक्त ‘मेरा भाई है’ एवढं म्हणायचं होतं. नाहीतर खाली उतरायचं होतं. यातलं एकही मी केलं नाही. मी एकटी नाही, माझ्याबरोबर पुरुष आहे, हे त्या ड्रायव्हरसमोर कबूल करायला माझी जीभ वळेना. मी म्हटलं, “तू ये ना मागच्या बसनं.” दार लागलं. मी खिडकीशी बसले आणि, लाज वाटते लिहायला, सकाळपासून पहिल्यांदा मला मोकळं वाटलं.

मागची बसही त्याला मिळाली नाही, तिच्यातही पुरुषांची जागा भरलेली. तिच्यानंतरची मिळाली. टॅक्सीपुरते पैसे त्याच्याकडे नव्हते, आमच्या चहापाण्यात आणि ज्यूसमध्ये गेले होते. तो पोचला तेव्हा गवंडी एअरपोर्टला निघून गेला होता.

संध्याकाळी तो ताईकडे आला. मला वाटलं, मी नीट पोचले का ते बघायला आला असेल. तो दारातच उभा राहिला. ताई पाणी घे म्हणाली, घेतलं नाही.

“तू एकटीच होतीस ना?” तो म्हणाला. “मग सकाळपासून तुझ्याबरोबर हिंडत होता तो कोण? हमाल?”

मी नियमावर बोलायला लागले. निम्मी बस रिकामी ठेवून माणसं उन्हात उभी करणारा हा नियम किती अमानुष आहे, वगैरे. मुद्दे बरोबर होते. आजही बरोबरच आहेत.

“नियमाचं मला सांगू नको,” तो म्हणाला. “नियम मी रोज खातो. ड्रायव्हरनं तुला विचारलं होतं. मला नाही.”

रविवारी बारसं झालं. मुहूर्त काढलेला, पाहुणे आलेले, आणखी किती थांबणार? गावातल्या म्हाताऱ्यांनी एक नाव सुचवलं आणि वहिनीनं मान हलवली. कॅसेट दुसऱ्या कुणाबरोबर दिवाळीत पोचली. तोवर मुलगी म्हाताऱ्यांच्या नावाला हसायला लागली होती. आता ती शाळेत जाते. शाळेत तेच नाव आहे. दादानं तिच्यासाठी ठरवलेलं नाव काय होतं ते मला माहीत नाही. मी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं विषय बदलला.

परत आल्यावर मी एक पत्रक लिहिलं. रिकाम्या सीट आणि उन्हातले कामगार. त्यात ‘एक कामगार’ म्हणून तो होता. मी त्यात नव्हते. लोकांना ते आवडलं. एका सभेत ते वाचून दाखवलं, तेव्हा टाळ्यासुद्धा मी घेतल्या.

आता तुमच्याकडे येते. तुमच्यापैकी कितीतरीजण गल्फला जाऊन आलात. भावाकडे, मेहुण्याकडे, वाडीतल्या कुणाकडे. मॉल बघितले, खाडी बघितली, सोनं बघितलं. तुम्हाला कुणीतरी फिरवलं, आणि ज्यानं फिरवलं त्याला बहुधा सुट्टीचा तो एकच दिवस होता. त्याला आज फोन करा. आभार मानू नका, त्याचं काही होत नाही. त्या दिवशी त्याचं स्वतःचं काय काम होतं ते विचारा. ‘काही नाही’ म्हणाला तर पुन्हा विचारा, आणि तो सांगेपर्यंत फोन ठेवू नका.