युनूसच्या बोटीचं बूच

फोन रुबीनाचा होता, युनूसच्या मुलीचा. मी तेव्हा नागपुरात होतो, लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेलो. दवाखान्याच्या कँटीनमध्ये चहाचा कप घेऊन उभा होतो. "काका..." एवढंच म्हणून ती थांबली. त्या थांबण्यातच मला काय ते कळलं आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "पाण्यात?" क्षणभर तिलाही समजलं नसावं. मग म्हणाली, "नाई काका, घरीच. जेवून हात धुवाले उठले अन् तिथंच खाली बसले. दवाखान्यात नेऊनच राह्यलो होतो..." दोन वर्षं मी युनूसच्या मरणाची धास्ती घेऊन जगत होतो, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर यायचं ते धरणाचं पाणी. तो गेला तो घरच्या मोरीपाशी, कोरड्या जमिनीवर. माझी सगळी काळजी चुकीच्या दारावर पहारा देत बसली होती. मी अनसिंगला पोचलो तोवर दफन उरकलं होतं. कबरीवरची माती ओली होती, तिथं थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी आलो.

अनसिंगच्या बाजारात त्याचं मंडप डेकोरेशन आणि माझं घड्याळ-चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्याच्याकडे कढया, सतरंज्या, झुंबरं आणि सतत आरडाओरडा. माझ्याकडे काचेचं कपाट आणि शांतता. मी हाडाचा भित्रा. दुकान बंद करून चार पावलं गेलो की परत येऊन कुलूप ओढून पाहणारा. त्यावरून तो मला रोज छेडायचा, "मधू, कुलूप भी कंटाळलं बे तुया हाताले." आणि तो? पावसाची चिन्हं दिसत असताना उघड्या रानात हजार माणसांचा मांडव घालणारा, वाऱ्यानं बांबू हलायला लागले की "काही होत नाई राजा" म्हणत खालीच बिडी पेटवणारा. आमची दोस्ती कशी टिकली, हे दोघांच्याही बायकांना कधी उमगलं नाही.

पोहरादेवीच्या यात्रेतलं मंडपाचं काम उरकून परतताना त्याला ती बोट दिसली. एका भंगारवाल्याच्या आवारात, बाभळीखाली, पोटात पालापाचोळा भरलेली. कुठल्यातरी बंद पडलेल्या जलविहार केंद्राची होती म्हणे. हल्ली लग्नात नवरा-नवरीची एंट्री हा एक वेगळाच प्रकार झालाय; कुणी ट्रॅक्टरवरून येतं, कुणी धुरातून. युनूसच्या डोक्यात आलं की खाली चाकं, भोवती निळा कपडा आणि त्यातून बोटीत बसून येणारी जोडी... आख्ख्या जिल्ह्यात अशी एंट्री कुणाकडे नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीवर घालून त्यानं ती गोदामामागच्या मोकळ्या जागेत आणली. पालापाचोळा काढताना मागचं झाकण उचललं तर आत इंजिन. गंजलेलं, पण पूर्ण. तो धावत माझ्या दुकानात आला आणि माझी डोळ्याला लावायची भिंगाची नळी उचलून घेऊन गेला. त्या दिवसापासून लग्नाच्या एंट्रीचं नाव त्यानं काढलं नाही.

मी कायम विचारायचो, "कायले पाहिजे तुले हे? तुले पोहता येत नाई, मले येत नाई." एकदाच त्यानं सरळ उत्तर दिलं. "जिंदगीभर मांडव घातले मधू. रात्री असा चमकते का माणूस पाहत राहीन, अन् सकाळी तिथं निस्ते खड्डे. एक चीज तर अशी करू दे, जी दुसऱ्या दिवशी सोडा लागत नाई."

पहिला घोळ झाला तो इंजिन सुरू करतानाच. रिठदचा एक ट्रॅक्टर मिस्त्री त्यानं बोलावला होता. दोघांनी मिळून इंजिन खोललं, घासलं, बसवलं, आणि ते चक्क सुरू झालं. युनूसनं नाचायचंच बाकी ठेवलं होतं. पण थोड्याच वेळात जळलेल्या रबराचा वास सुटला, मागून धूर यायला लागला आणि मी लांब पळालो. ट्रॅक्टरला रेडिएटर असतो, त्याचं पाणी त्याच्याजवळ असतं. या इंजिनाला थंड करणारं पाणी बाहेरून, बोट ज्यात उभी आहे त्या पाण्यातूनच ओढून घ्यावं लागतं. आणि आम्ही तर तिला मातीवर उभी करून चालवलं. पाणी ओढणारा आतला रबरी पंखा जळून त्याचे तुकडे झाले होते. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, आपुन तर हिले उपाशीपोटी पळवलं." पुढच्या वेळी लग्नात पाण्यासाठी वापरायचा निळा ड्रम अर्धा कापून बोटीच्या शेपटाखाली ठेवला, भरला, आणि मगच किल्ली फिरवली.

पण माझी झोप खरी उडाली ती दुसऱ्याच गोष्टीनं. या बोटीला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. इंजिन पोटात आणि पाणी कापणारा पंखा बाहेर, मागच्या बाजूला. दोघांना जोडणारा दांडा बोटीच्या मागच्या भिंतीला भोक पाडून जातो, आणि त्या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून त्यावर हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा रबरी बूट चढवलेला असतो. म्हणजे आधी बोटीला मुद्दाम भोक पाडायचं, ते रबरानं झाकायचं आणि त्या रबराच्या भरवशावर माणसांनी खोल पाण्यात जायचं! आमच्या बोटीचा बूट तर उन्हानं चिरलेला. मी युनूसच्या बायकोला, भाभींना सांगितलं, रुबीनाला सांगितलं, मला वाटतं बाजारातल्या प्रत्येक माणसाला सांगितलं. युनूसनं नवा बूट मुंबईहून मागवला, बसवला आणि मला म्हणाला, "आता पाय, गळते का नाई ते कसं पायतेत."

मंडपवाले ताडपत्री तपासतात त्याची एक रीत आहे. चारी कोपरे बांधून झोळी करायची, तिच्यात पाणी ओतायचं आणि खाली जाऊन बसायचं. जिथं थेंब दिसेल तिथं गेरूची खूण. युनूसनं बोटीला तेच केलं. साचलेलं पाणी काढायला बोटीच्या तळाला एक भोक असतं, त्याचं बूच घट्ट लावलं, नळी सोडली आणि मागच्या भागात वीतभर पाणी भरलं. "जिथून बाहेर येते तिथूनच आत येईन," म्हणाला. मग आम्ही दोघं पोत्यावर उताणे पडून बोटीच्या खाली सरकलो, त्याच्या हातात गेरू, माझ्या हातात टॉर्च. एवढं वजन अंगावर आलं तर, या विचारानं मला घाम फुटला होता, पण त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती नाही, तरी काहीतरी गंभीर पाहिलं. एक थेंब दिसला. खूण झाली. मग आणखी दोन ठिकाणी. पाणी काढायचं, बुजवायचं, वाळवायचं, परत भरायचं... हे कितीतरी दिवस चाललं. शेवटी एका दुपारी आम्ही खाली पडून वाट पाहिली आणि थेंब आलाच नाही. त्यानं गेरूचा खडा माझ्या कपाळाला टेकवला आणि हसला.

मग त्यानं आतलं पाणी जाऊ देण्यासाठी बूच काढलं आणि खिळ्यांच्या डब्यात टाकलं. घोळ झाला तो इथं.

रीतसर परवानगी मिळाल्यावर बोट धरणावर नेली. काठावर भाभी आणि रुबीना. मी अंगात लाइफ जॅकेट, मांडीवर ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब, पायात मोजे. युनूसनं किल्ली फिरवली, ती गुरगुरली आणि काठ मागे सरकायला लागला. त्याच्या तोंडाकडे पाहून मलाही वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. मग मी म्हणालो, "युनूस, माये पाय ओले होऊन राह्यले."

"चढतानी झाले असतीन बे."

"मोजे भी ओले हायेत."

त्यानं वळून खाली पाहिलं. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. मला वाटलं रबरच फाटलं. त्याला मात्र लगेच कळलं, "बूच!" एवढंच ओरडला आणि त्यानं बोट काठाकडे वळवली. ते अंतर काही फार नव्हतं. पण तेवढ्यात भाभींचा ओरडलेला आवाज, इंजिनाची बदललेली घरघर आणि पोटरीपर्यंत चढलेलं गार पाणी... आजही सगळं तसंच्या तसं आठवतं. बोटीचं नाक चिखलात रुतलं. मी ट्यूब सोडली नव्हती. युनूसनं इंजिन बंद केलं, पण स्टिअरिंगच्या चाकावरचे हात काढले नाहीत. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाला, "तुले पोहता येत नाई, तरी तू माया भरवशावर बसला."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला आणि ते पितळेचं बूच काचेच्या कपाटावर ठेवलं. "आजपासून हे काम तुयं. मले भेव वाटत नाई, म्हणून मी इसरलो. तुले वाटते. तुयाकडून इसरणार नाई." गंमत करतोय असं वाटून मी त्याच्याकडे पाहिलं, पण तो गंमत करत नव्हता. जन्मभर मला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, काळजी करू नको. आईनं सांगितलं, बायकोनं सांगितलं, डॉक्टरनं सांगितलं. माझ्या काळजीला काम देणारा हा एकटाच निघाला.

मग आमची रीतच ठरली. बोट पाण्यात उतरवायच्या आधी तो विचारायचा, "बूच?" मी हात लावून सांगायचो, "लागलं." पाण्याबाहेर काढून ट्रॉलीवर घेतली की परत, "बूच?" आणि मी, "काढलं." कारण जमिनीवर उभ्या बोटीचं बूच काढून ठेवावं लागतं; नाहीतर पावसाचं पाणी आत साचून इंजिनाचा सत्यानाश. काढलेलं बूच चाकाला सुतळीनं बांधायचं, म्हणजे ते पाहिल्याशिवाय कुणाला किल्ली फिरवताच येणार नाही. आणि दर वेळी, मी सांगितल्यावरही, तो एकदा विचारायचा, "पक्कं?" मग मी पुन्हा हात लावायचो. त्या दोन हिवाळ्यांत आम्ही किती फेऱ्या मारल्या! संध्याकाळचं पाणी तांबूस व्हायचं, लांब कुणाचं तरी जाळं दिसायचं, आणि तो इंजिन बंद करून नुसता बसायचा. एंट्रीसाठी लोक विचारायला येत, त्यांना सांगायचा, "बोट पाण्यावर चालते राजा, मांडवात नाई."

नागपूरला निघालो तेव्हा तो स्टँडवर सोडायला आला होता. मी खिडकीतून विचारलं, "मी नाई, तर बूच कोण पाहीन?" म्हणाला, "रुबीना हाय, मी हावो." मी म्हणालो, "पक्कं?" तो जोरात हसला, "माया शब्द मलेच?" तेच त्याचं शेवटचं दर्शन.

परवा अवकाळी आला. दोन दिवस वारा आणि पाऊस. घरात बसलो होतो आणि एकदम बुचाची आठवण झाली. मी नागपुरात असताना बापलेक एक फेरी मारून आले होते, तो जायच्या आदल्याच रविवारी. रुबीनाला फोन केला. ती म्हणाली, "काका, मी तं ट्रॅक्टरवर बसली होती. अब्बानं काढलं का नाई, माहीत नाई." गोदामाला तेव्हापासून कुलूप होतं. दुःखाच्या घरी बोटीचं काय विचारायचं म्हणून मी गप्प होतो. आता राहवेना. माझ्याशिवाय तो पहिल्यांदाच गेला होता, आणि हा माणूस कसा होता ते मला माहीत होतं... काही होत नाई राजा! त्यानं एवढ्या जिवानं उभी केलेली एकच गोष्ट, आणि ती त्याच्याच विसरण्यानं सडणार. पाऊस थांबल्या थांबल्या त्यांच्या घरी गेलो. भाभी इद्दतमध्ये, नवऱ्यामागं पाळायच्या एकांतात आहेत, पडद्याआडूनच म्हणाल्या, "मधूभाऊले किल्ली दे."

ताडपत्री एका बाजूनं फाटून बोटीत लोंबत होती. झोळीतलं सगळं पाणी आत गेलेलं. मी चिखलातून मागच्या बाजूला गेलो, वाकलो. तळाच्या भोकातून पाण्याची बारीक धार पडत होती, खाली मातीत तिनं छोटासा खड्डा केला होता. वर चढून इंजिनाचं झाकण उचललं. इंजिन कोरडं होतं. बूच चाकाला बांधलेलं होतं, सुतळीनं, एका ओढीत सुटणाऱ्या मंडपवाल्याच्या गाठीनं.

मी त्याला हात लावला आणि सवयीनं मोठ्यानं म्हणालो, "काढलं." गोदामामागं कुणीच नव्हतं. तरी थोडा थांबलो, आणि मग पुन्हा एकदा हात लावून पाहिला.