लहानीचं अंग आंबलं

लहानीचं नाव ज्यानं ठेवलं त्याला एकदा बोलावून तिच्या शेजारी उभं करायला हवं. मोहाच्या पाड्यात तिच्याएवढी उंच बाई नाही, आणि तिच्याएवढी रुंद तर डोळखांबच्या बाजारातही क्वचितच दिसते. आश्रमशाळेत ती स्वयंपाक करते. खिचडीचं जे पातेलं उतरवायला एरवी दोन माणसं लागतात, ते लहानी एकटी उतरवते आणि वर विचारते, "अजून काय उचलायचंय?" पाड्याच्या बायकांनी रस्सीखेचीचा संघ काढला तेव्हा दोराच्या टोकाला, सगळ्यांच्या मागं, कोण उभं राहणार हे विचारायचीसुद्धा गरज पडली नाही.

पण मागच्या प्रजासत्ताक दिनाच्या सामन्यांत घोळ झाला. शेवटच्या फेरीत समोर आली टेपाची वाडी, आणि टेपाची वाडी म्हणजे लहानीचं माहेर. दोराच्या पलीकडच्या बाजूला, सगळ्यांच्या पुढं, तिची सख्खी भावजय, सावळी. खेच ऐन रंगात आली आणि लहानीचा पाय घसरला. ती धपकन खाली बसली, आणि अख्खा पाडा फरपटत रेषेपलीकडे गेला.

आता घसरला म्हणजे घसरला, माणसाचा पाय आहे. पण पाड्याला हे कोण सांगणार! "माहेरासाठी बसली," असं कुणीतरी बोललं आणि ते वर्षभर टिकलं. विहिरीवर तेच, हळदीच्या मांडवात तेच. संघाची म्होरकी धोंडीबाई तर तोंडावर विचारायची, "लहाने, यंदा दोर कंच्या बाजूनं धरनार गो?" लहानी हसून घ्यायची, मग घरी येऊन भाकऱ्या अशा थापायची की नवरा नथू जेवण होईपर्यंत तोंड उघडत नसे. तिला बक्षिसाची ढाल नको होती, साडी नको होती. माहेरच्या बायांना सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ओढून आणायचं होतं, बस.

यंदा पाड्याला शिकवायला रविना होती. रविना ही लहानीच्या दिराची मुलगी. मुरबाडला पोलीस भरतीची तयारी करायची, नुकतीच घरी आली होती. तिनं बायकांना साड्या खोचायला लावून उठाबशा घालायला लावल्या.

"आमाला कसला व्यायाम शिकवतेस गो?" धोंडीबाई म्हणाली. "आमी रानातून मोळ्या आनतो."

"मोळी चालत आनता आजी, बसून-उठून नाय आनत," रविना म्हणाली. लहानीनं सगळ्यांपेक्षा जास्त उठाबशा घातल्या आणि त्या दिवशी तिला काहीसुद्धा झालं नाही. झालं ते दुसऱ्या दिवशी. सकाळी उठायला गेली तर मांड्या तिचं ऐकेनात.

इथं लहानीनं जे केलं ते भात लावणाऱ्या बाईनंच करावं. आवणीत, म्हणजे रोपं लावायच्या दिवसांत, पहिल्या दिवशी कंबर अशीच धरते. दुसऱ्या दिवशी कुणी घरी बसत नाही, चिखलात उतरून पुन्हा वाकायचं, म्हणजे दुखणं आपोआप निघून जातं, अशी तिची पक्की समजूत. प्रत्यक्षात आवणीतलं दुखणं निघून जात नाही, आवणी संपते, एवढंच. पण वाकलेल्या माणसाला एवढा विचार करायला सवड कुठं असते? लहानीनं दात खाऊन दुप्पट उठाबशा घातल्या, शिवाय मोहाच्या झाडाला दोर बांधून एकटीच खेचत बसली.

तिसऱ्या दिवशी तिला चुलीपुढं बसता येईना. खिचडी तिनं उभ्यानं ढवळली. जिन्याच्या दोन पायऱ्या आडव्या अंगानं उतरली, तेव्हा शाळेतली पोरं हसली, आणि तीही हसली, कारण रडायला लागली असती तर थांबली नसती. पायच गेले तर दोर कोण ओढणार?

रविनानं तिला ओट्यावर बसवलं.

"काकी, दोन्ही पाय सारखेच दुखतात, का एकच?"

"दोनी. मेले एकमेकांशी चढाओढ करतात."

"कळ एका जागी टोचते? सूज हाय?"

"सूज नाय. सगळीकडं ठणकतंय."

"मग लचक नाय, फाटलं नाय. नव्या कामानं अंग आंबलंय तुमचं. टोचायला लागलं, सुजलं, पाय टेकवेना, तर मात्र सांगायचं. मग शहापूरला डॉक्टरकडं."

"आंबलं म्हंजे बिघडलंच ना गो?"

रविना चुलीकडं बघून हसली. चुलीवर नाचणीची आंबील होती. "ती बिघडली काय? राती तुमी पीठ भिजवून ठेवता, तवा त्याला हात लावता?"

"छे! मुरू द्यायचं असतं."

"आनि सकाळी?"

"मंद जाळावर हळूहळू ढवळायचं. मोठा जाळ केला तर लागते, ढवळली नाय तर गाठी होतात." एवढं बोलून लहानीनं आपल्याच मांड्यांकडं पाहिलं. स्वयंपाकाचं कळायला तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

"झालं तर," रविना म्हणाली. "मांड्यांना मुरू द्या. उठाबशा नाय, दोर नाय. पन खाटेवर पडून पन राहायचं नाय, गाठी होतील. ओढ्यापर्यंत सावकाश चाला, गरम पान्यानं शेका, हात रिकामे हायत तर हातांचा व्यायाम करा. ठणका उतरला की थोडं थोडं वाढवू."

सांगायला सोपं होतं. पण संध्याकाळी सगळ्या बायका दोर खेचत असताना लहानी ओढ्याच्या वाटेनं रमतगमत चालली आणि धोंडीबाईचा आवाज मागून आला, "बघा, माहेरचा निरोप आला वाटतं. यंदा आदीपासूनच बसली."

लहानी थांबली. परत फिरावं, दोर हातात घ्यावा, मांड्या फाटल्या तरी चालतील पण या बाईचं तोंड बंद करावं, असं तिला फार वाटलं. खरं सांगायचं तर ती चार पावलं परत फिरलीसुद्धा. मग मांडीतून अशी सणक उठली की तिला करपलेली आंबीलच आठवली. ती पुन्हा ओढ्याकडं वळली. अपमान गिळून नुसतं चालणं हे पातेलं उचलण्यापेक्षा जड असतं, हे तिला त्या संध्याकाळी कळलं.

हळूहळू ठणका उतरला. एका सकाळी ती चुलीपुढं बसली, भाकरी केली आणि उठली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण न कण्हता उठलो. तिनं खात्री करायला पुन्हा बसून पाहिलं. मग आनंदानं नथूच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याच्या हातातला चहा सांडला. त्या दिवसापासून रविनानं तिला थोड्याच उठाबशा दिल्या, एक दिवस पायांचा, एक दिवस हातांचा, आणि प्रजासत्ताक दिनाच्या आधी सगळ्यांना सक्तीची सुट्टी.

त्या दिवशी पटांगणावर पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या फेरीत मोहाच्या पाड्यासमोर पुन्हा टेपाची वाडीच आली. सावळीनं पलीकडून हाक मारली, "वन्सं, आज पन बसनार काय?" दोन्ही गावं खदखदून हसली.

शिट्टी झाली. दोर ताणला गेला आणि जागचा हलेना. पाड्याच्या बायका बोटभर पुढं सरकल्या, मग अजून बोटभर. धोंडीबाई ओरडली, "लहाने, धर गो!" लहानीनं टाचा रोवल्या, गुडघे वाकवले, आणि मांड्या तिच्या होत्या, पूर्ण तिच्या. तेवढ्यात वाडीच्या गर्दीतून एक म्हातारा, चिरका आवाज आला, "ओढ गो लहाने! सोडू नको!"

तो आवाज तिच्या आईचा, बाईजाचा होता. वाडीच्या बायका बाईजाला गप्प करत होत्या आणि बाईजा गप्प होत नव्हती.

लहानीनं ओढलं. सावळी तोंडघशी पडत आली, तिच्यामागं एकेक करत वाडी रेषा ओलांडून आली आणि सगळ्या धुळीत बसल्या. पाडा नाचायला लागला. धोंडीबाईनं लहानीच्या गळ्यात हात टाकला आणि काही बोलायच्या आत धोंडीबाईलाच रडू फुटलं.

बाईजाही नाचत होती, टेपाच्या वाडीच्या ऐन मधोमध. "अगं म्हातारे, आपण हरलो!" सावळी खालून ओरडली.

"हरलात तुमी," बाईजा म्हणाली, आणि मग पाड्याकडं वळून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "माजी पोर माहेरासाठी बसली म्हनत होता ना? आता बघा कोन बसलंय!"