तव्यावरचं मटण आणि माझा बहिष्कार

आमच्या घरी मटण शिजायचं ते मागच्या अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. शिजवायचे दादा, म्हणजे माझे वडील. आई माळकरी. ती मसाला वाटून द्यायची, तोही उंबऱ्याच्या आतून, लांबूनच हात पुढे करून. वीस वर्षं मी हेच बघत आले होते. त्यामुळे त्या बुधवारी दुपारी अंगणात जे दिसलं ते डोळ्यांना पटेचना.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. दिंडोरीकडे द्राक्षबागांमध्ये वाइनवाल्यांची गेस्ट हाउसं उभी राहत होती. त्यांच्याविरुद्ध आम्ही कॉलेजची सात-आठ जणं पत्रकं वाटायचो. मजकूर माझा: आमच्या पाण्यावर तुमची मौज चालणार नाही. उरलेला गठ्ठा घेऊन घरी आले, तर आई बिडाच्या तव्यासमोर बसून मटणाचे ठेचून चपटे केलेले तुकडे उलटत होती. गळ्यात माळ नव्हती.

"माळ कुठंय?"

"देव्हाऱ्यात. सरक, धूर लागंल."

शेजारी परातीत आमच्याच वाफ्यातला दुधी आणि गाजर, विळीवर दोऱ्यासारखं लांब चिरलेलं. वाइनवाल्यांच्या ज्या गेस्ट हाउसला आमची भाजी जायची तिथला स्वयंपाकी काम सोडून गेला होता. दुसऱ्या दिवशी आईला तिथं करून दाखवायचं होतं: स्टेक आणि भाजीच्या नूडल्स, पंधरा मिनिटांत. जमलं तर नोकरी.

"पंधरा मिनिटांत मटण? म्हणजे ते कच्चं खाणार आणि तू खाऊ घालणार?"

"त्यांचे दात, त्यांचं पोट."

"आई, त्यांच्याच विरुद्ध मी गावभर पत्रकं वाटतेय."

"वाट की. वाफ्यात वाकून कंबर माझी गेलीय, तुझ्या पत्रकाची नाय. तिथं उभ्यानं काम हाय, डोक्यावर पंखा हाय."

पाणी, जमीन, दारू, सगळं लिहिलं होतं मी. आईची कंबर त्यात कुठंच नव्हती.

पहिला घाणा फसला होता. आपल्या पद्धतीनं तिनं तुकडे हळद-मीठ लावून धुतले आणि ओलेच टाकले. तव्यावर पाणी सुटून नुसते उकडले. आता तिनं दुसरे तुकडे जुन्या लुगड्याच्या फडक्यानं कोरडे पुसले, तवा धुरावेपर्यंत तापवून तेल सोडलं. तुकडे चर्रकन लाल झाले. ते काढून त्याच तेलात लसूण, मग दुधी-गाजर, दोनदा परतून मिरपूड. उतरवलं.

"शेवयाच ह्या. नाव तेवढं इंग्रजी," ती म्हणाली आणि ताटली माझ्यापुढे धरली. "मीठ बघ. दादा मार्केटला गेलेत. मला मटणाचा अंदाज नाय."

मी हात मागे घेतला. "त्यांच्या ताटातलं मी चाखणार नाही. बहिष्कार म्हणजे बहिष्कार."

ती माझ्यावर चिडली नाही. तिनं बोटांनी एक तुकडा तोडला आणि तोंडात टाकला.

आई मटण चावत होती. हळूहळू, डोळे तव्यावर ठेवून. मी गठ्ठा छातीशी धरून नुसती उभी. थांब म्हणायला हवं होतं.

तिनं गिळलं. पदरानं तोंड पुसलं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. "उजेड हाय तवर अजून दोनदा करते. पण मी काय परत चाखायची नाय."

मी पत्रकं पायरीवर ठेवली आणि हात धुवायला गेले.